माऊस कोणाच्या हातात? (नवख्या संशोधकांना शिकवताना)

प्रिझम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

दोन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा संशोधनगट सुरू झाला. विषय प्रोटीन क्रिस्टलोग्राफी (प्रोटीनचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांची रचना शोधायची), त्यातही पेशीपटलात रुतून बसलेली प्रोटीनं. आधीच विषय चिंचोळा, त्यात ही आणखी चिंचोळी गल्ली. गटात पीएचडीचे दोन विद्यार्थी आहेत आणि एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक). प्रयोग करायला मी बारा वर्षं शिकले. दुसऱ्याला ते करता यावेत म्हणून काय करायचं, हे मला कोणी एक दिवसही शिकवलं नाही. आता चुका मी करते आणि त्यांची झळ मुलांना बसते, म्हणून इथे विचारतेय.

दोन प्रसंग सांगते.

पहिला माझ्या विद्यार्थिनीचा. दुसरं वर्ष चालू आहे तिचं. आठ महिने एकाच प्रोटीनच्या मागे होती. ९६ खळग्यांच्या प्लेटा लावायच्या, प्रत्येक खळग्यात वेगळं मीठ, वेगळी आम्लता, वेगळं पॉलिमर, आणि मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थेंब बघत जायचं. बहुतेक थेंबांत फक्त गाळ. त्या दिवशी ती धावत आली, 'मॅडम, स्फटिक आलाय!' मी जाऊन पाहिलं. कडा सुरीसारख्या धारदार, ध्रुवित प्रकाशात नुसता झगमगाट. बघताक्षणीच माझ्या मनात आलं, हे मीठ. मी सुई उचलली आणि टोचलं. प्रोटीनच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं, त्यामुळे सुई लागली की तो भुसभुशीत चुरतो. हा चुरला नाही. कट् करून तडकला, एक तुकडा थेंबाच्या काठाशी उडाला. 'मीठ आहे गं,' मी म्हटलं आणि खोलीत परत आले. सगळं मिळून अर्धा मिनिट.

त्यानंतर दोन आठवडे तिने मला एकही प्लेट दाखवली नाही. शेवटी मीच विचारलं, तर म्हणाली, 'मॅडम, तुम्ही सांगेपर्यंत मला काही कळतच नाही. मग मी बघून काय उपयोग?'

दुसरा प्रसंग रोजचाच आहे. दुसरा विद्यार्थी कूटमध्ये मॉडेल बसवत असतो. (क्रिस्टलोग्राफीबाहेरच्यांसाठी: कूट हे सॉफ्टवेअर आहे. इलेक्ट्रॉन घनतेच्या जाळीत अणू बसवायचे असतात ते यात. मराठीत कूट म्हणजे कोडं, आणि काम खरोखर तेच आहे.) एखादी साखळी उलटी बसलेली दिसली की मी 'जरा बघू' म्हणते आणि माऊस माझ्या हातात येतो. दहा मिनिटांत सगळं जागेवर. तो मान डोलावतो. पुढच्या आठवड्यात तीच चूक, दुसऱ्या जागी.

माऊस सोडावा तर वेळ जातो, आणि त्या पोराची वर्षं मोजकी आहेत. धरावा तर तो शिकत नाही. आमच्या अख्ख्या इमारतीत हा विषय येणारी मी एकटीच, त्यामुळे 'जा, त्यांना विचार' असंही म्हणता येत नाही. तुम्ही काय करता? आणि जे सध्या विद्यार्थी आहेत त्यांना काय हवं असतं? ते मला जास्त ऐकायचंय.

काचेची नळी

प्रिझम, प्रश्न फार मनापासून विचारलात. मी निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. हातून बरेच विद्यार्थी गेले, त्यांतल्या पहिल्या चार-पाच जणांवर मी हाच प्रयोग केला जो तुम्ही करताय, म्हणून लिहितो.

आपल्या क्षेत्राची सुरुवातच एका नजरेपासून झाली. १९३४ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या हाती पेप्सिन या प्रोटीनचे स्फटिक आले. तोवर लोक स्फटिक वाळवून क्ष-किरणांत धरायचे आणि काहीच मिळायचं नाही. बर्नाल यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की द्रवातून बाहेर काढला की स्फटिक बिघडतोय. मग त्यांनी तो त्याच्याच द्रवासकट काचेच्या बारीक नळीत भरला. प्रोटीनच्या स्फटिकाचं पहिलं नीट विवर्तनचित्र तिथून मिळालं. त्या शोधनिबंधावर दुसरं नाव डोरोथी क्रोफुट यांचं. पुढे त्यांनाच सगळे डोरोथी हॉजकिन म्हणून ओळखू लागले. तेव्हा त्या बर्नाल यांच्याकडे पीएचडी करत होत्या.

आता तुमच्या अर्ध्या मिनिटाकडे या. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही चार गोष्टी पाहिल्यात: कडा, चकाकी, त्या खळग्यात कोणतं मीठ होतं ते, आणि थेंबात बाकी गाळ किती उरलाय ते. फॉस्फेटच्या थेंबात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असलं तर मिठाचे स्फटिक सहज येतात, हे तुमच्या डोक्यात आपोआप आलं असणार. तिला यातलं काय दिसलं? फक्त सुई आणि निकाल.

नजर शिकवता येत नाही असं आमचे गुरुजन म्हणत. मला ते पटत नाही. नजर बोलून दाखवावी लागते, आणि ते कंटाळवाणं असतं म्हणून आपण टाळतो. मी नंतर एक नियम केला होता: आधी अंदाज, मग सुई. विद्यार्थ्याने आपल्या वहीत पेनाने लिहायचं, हे काय आहे असं वाटतं, का वाटतं, आणि कितपत खात्री आहे. मग सुई त्याच्याच हातात. मी शेजारी उभा, हात मागे बांधून. दोन-तीन महिन्यांनी वही उघडली की कोणत्या प्रकारच्या थेंबात त्याची नजर फसते हे त्याचं त्यालाच दिसायचं. मला सांगावं लागायचं नाही.

तुमची विद्यार्थिनी प्लेटा लपवते असं मला वाटत नाही. तिने बघणंच सोडलंय. ते आधी सांभाळा.

चौथा_अंक

+१. वहीत अंदाज लिहून घेणं हे उद्यापासून सुरू करतोय.

उत्तररात्र

विद्यार्थ्यांनी लिहावं असं म्हटलंत म्हणून लिहितो. चौथं वर्ष. एरवी इथे फक्त वाचतो.

माऊसबद्दल बोलायचंय. आमच्याकडे एका एन्झाइमच्या स्फटिकात औषधासारखा एक रेणू भिजवला होता. तो बसला असेल तर मोठी गोष्ट होती. इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा आला, मी पाहिला, आणि मला त्या खोबणीत पाण्याचे तीन रेणू दिसले. रेणू मला दिसला नाही. सर आले, खुर्ची ओढून बसले, माऊस घेतला. नकाशाची पातळी (किती ठळक खुणा दाखवायच्या ती) ३ सिग्मावर होती, ती खाली आणत आणत २ च्या आसपास नेली. पाण्याचे ठिपके पसरून एकमेकांना चिकटले. 'हे बघ, इथे त्याचं कडं, इथे शेपूट.' मीही पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही दिसलं. सर खोटं बोलत नव्हते, त्यांनाही ते खरंच दिसत होतं. दोन वर्षं त्यांनी त्याची वाट पाहिली होती.

रेणू बसवला, निबंध पाठवला. परीक्षकाने एकच ओळ लिहिली: हा रेणू वगळून काढलेला नकाशा दाखवा. काढला. खोबणीत पाण्याचे तीन रेणू.

मला कोणी रागावलं नाही. निबंधातून तो भाग गेला, निबंध छोटा झाला, दुसरीकडे छापून आला. पण तुला पहिल्या दिवशी जे दिसलं होतं ते बरोबर होतं, असं मला आजतागायत कोणी म्हटलेलं नाही. मीही तेव्हा 'सर, मला पाणी वाटतंय' असं म्हटलं नव्हतं. माऊस त्यांच्या हातात होता. खुर्चीत ते बसले होते, मी मागे उभा होतो. तिथून बोलायचं कसं?

प्रिझम मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याची चूक पुन्हा पुन्हा होते असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तिथे नसताना तो स्वतः किती चुका पकडतो, हे कधी विचारलंत का त्याला?

प्रिझम

नाही विचारलं. उद्या विचारते.

तुमचा अनुभव वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी जे दिसलं ते बरोबर होतं. परकी आहे, पण निदान मी म्हणते.

गोठलेलं_पाणी

उत्तररात्र, हे मनाला लावून घेऊ नका. आपली नजर आशेच्या मागे जाते, आणि हे अनुभवी माणसाच्या बाबतीत जास्त होतं, कारण काय दिसायला हवं हे त्याला आधीच माहीत असतं.

मी क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाला (गोठवलेल्या प्रोटीनच्या प्रतिमा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेणारा). आमच्याकडे यावर एक जुना पाठ आहे. १००० प्रतिमा घ्यायच्या, त्यांत निव्वळ गोंगाट, चित्र काहीच नाही. मग आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी प्रत्येक प्रतिमा जुळवून घ्यायची आणि सगळ्यांची सरासरी काढायची. आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो! गोंगाटात नसलेला चेहरा फक्त जुळवणीतून तयार होतो. २०१३ साली रिचर्ड हेंडरसन यांनी या धोक्यावर मुद्दाम लेख लिहिला होता. पुढे २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले ते एक.

आमच्या गटात कोणीही नवीन आलं, अगदी पोस्टडॉक असला तरी, पहिल्या आठवड्यात त्याने हे स्वतः करून बघायचं. आइन्स्टाइनऐवजी चित्र हवं ते घ्या. एका मुलीने आपल्या मांजराचं घेतलं होतं आणि गोंगाटातून मांजर उमटलं तेव्हा ती स्क्रीनसमोर गप्पच झाली. त्या दिवसानंतर तिला 'नकाशा तपासून घे' असं सांगावं लागलं नाही. आणि मी काही दाखवायला गेलो की ती विचारते, 'सर, हे मांजर तर नाही ना?' तिला असं विचारता यावं यासाठीच ते करून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात गाईडला अडवायला एक शब्द मिळालेला असतो.

वजाबाकी

मी गणनेच्या बाजूचा. एक मुद्दा राहतोय: वारशाने आलेल्या वस्तू.

प्रत्येक लॅबमध्ये एक फोल्डर असतं. कोणे एके काळी कोणी लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट. नवा मुलगा येतो, त्याला सांगतात, 'डेटा यातून काढ, सगळे यातूनच काढतात.' तो काढतो. आत काय आहे हे बघायची त्याची हिंमत नसते आणि बघायला कोणी सांगत नाही.

२००६ साली काय झालं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायला हवं. पेशीपटलातल्याच एका वाहक प्रोटीनच्या, एमएसबीए म्हणून ते ओळखलं जातं, रचना २००१ पासून मोठ्या जर्नलांत येत होत्या. मग २००६ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच्या जवळच्या एका प्रोटीनची रचना प्रसिद्ध केली आणि दोन्ही जुळेनात. शोध घेतल्यावर सापडलं ते एवढंच: डेटा बदलून देणाऱ्या घरच्या प्रोग्रॅममध्ये दोन स्तंभांची अदलाबदल होत होती. चिन्ह उलटलं, नकाशा आरशातला निघाला, आणि त्यात मॉडेल बसवलं गेलं. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. कोणी लबाडी केलेली नव्हती. मधल्या काळात त्याच प्रोटीनवर काम करणारे इतर लोक, ज्यांचे आकडे त्या रचनेशी जुळत नव्हते, त्यांनी स्वतःच्याच प्रयोगांवर शंका घेतली असेल. त्यांत पीएचडीची मुलं असतील. मला त्यांचं वाईट वाटतं.

म्हणून माझ्याकडे पहिला महिना नवं काही करायचं नाही. पीडीबीमधली (प्रोटीनच्या रचनांचा जागतिक संग्रह) एखादी छापून आलेली रचना घ्यायची, मूळ डेटा उतरवायचा, आणि आमच्याच स्क्रिप्ट वापरून ती पुन्हा काढायची. जुळली नाही तर मला येऊन सांगायचं. तीन विद्यार्थ्यांनी मिळून आमच्या दोन स्क्रिप्टमध्ये चुका काढल्या. त्यांतली एक मी स्वतः लिहिलेली होती.

जाता जाता पटलप्रोटीनवाल्यांसाठी: प्रोटीन निकेलच्या स्तंभावर (प्रोटीन अडकवून वेगळं करणाऱ्या नळीत) शुद्ध केलं असेल तर एसीआरबी विसरू नका. ज्यात आपण प्रोटीन बनवतो त्या ई. कोलाय जिवाणूचं स्वतःचं प्रोटीन, स्तंभाला चिकटतं आणि इवल्याशा प्रमाणात असलं तरी झकास स्फटिक देतं. कित्येकांनी महिनेच्या महिने 'आपला' स्फटिक म्हणून त्याचाच डेटा गोळा केलाय. युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ चौकटीची) मापं पीडीबीतल्या मापांशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. पण हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं, कोणीतरी सांगावं लागतं.

पायवाट

मला थोडं वेगळं वाटतं. आम्हाला कोणी असं शेजारी बसून शिकवलं नाही. प्रोटोकॉलची झेरॉक्स दिली आणि कामाला लाग म्हणाले. चुकलो, पुन्हा केलं, शिकलो. आता प्रत्येक पायरीवर सोबत करायची म्हटलं तर मुलं आपल्या पायावर उभी कधी राहणार? संशोधन म्हणजे शेवटी एकट्याने अंधारात चाचपडणं. ते सवयीचं व्हायला हवं.

काचेची नळी

पायवाट, चाचपडायला लावावं हे मलाही मान्य आहे. फक्त कशात, ते निवडायला हवं. स्फटिक का येत नाही यात त्याला सहा महिने चाचपडू दे, त्यातून तो शास्त्रज्ञ होईल. नायलॉनच्या फाशात स्फटिक कसा उचलायचा, ग्लिसरॉल किती घालायचं म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवताना बर्फ होणार नाही, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. त्यात त्याचे सहा महिने घालवून तो काय शिकणार? बर्फाची वलयं कशी दिसतात एवढंच.

आणि जे पोहून पलीकडे गेले तेच आज इथे लिहितायत. जे बुडाले ते क्षेत्र सोडून गेले, त्यांचा प्रतिसाद या धाग्यावर येणार नाही. माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक तसा गेला. हुशार होता, माझ्यापेक्षाही हुशार. आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

पायवाट

हे मान्य. कशात चाचपडू द्यायचं हा फरक मी केला नव्हता.

शेवाळ

मी क्रिस्टलोग्राफीतली नाही, शेवाळांचं वर्गीकरण करते. पण चिंचोळी गल्ली म्हणाल तर आमची आणखी अरुंद आहे. एखाद्या प्रजातीसमूहावर जगभरात मिळून सात-आठ माणसं काम करत असतात.

त्यातून जी अडचण होते ती इथे अजून कोणी बोललं नाही. तेच सात-आठ जण तुमच्या विद्यार्थ्याचा प्रबंध तपासणार, त्यांच्याकडेच निबंध परीक्षणाला जाणार, पोस्टडॉकची जागाही त्यांच्यातल्याच कोणाकडे असणार. आणि शिफारसपत्र तुमचं. विद्यार्थ्याचं तुमच्याशी बिनसलं तर मोठ्या क्षेत्रात तो दुसरं दार ठोठावतो. आमच्याकडे दुसरं दारच नसतं. उत्तररात्र मागे उभे राहून बोलू शकले नाहीत, त्यात स्वभावाचा भाग थोडा असेल, या अवस्थेचा जास्त आहे.

मी दोन गोष्टी करते. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला विषयाबाहेरचा एक मार्गदर्शक शोधून देते. शेवाळातलं काही न कळणारा, पण विद्यार्थ्याचं ऐकून घेणारा आणि माझं मिंधेपण नसलेला. त्यांचं काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. दुसरं, वर्षातून एकदा मी विद्यार्थ्यासमोर बसून त्याच्या शिफारसपत्राचा कच्चा मसुदा लिहिते. आज लिहायचं झालं तर मी काय लिहीन, हे त्याला कळायला हवं. पहिल्यांदा दोघांनाही अवघड जातं. पण 'स्वतंत्रपणे विचार करतो' हे वाक्य लिहिता येईना म्हणून माझीच बोटं थांबली, आणि मला कळलं की मी त्याला तशी संधीच दिली नव्हती.

गोठलेलं_पाणी

शेवाळ ताई, विषयाबाहेरचा मार्गदर्शक हे आमच्या भाषेत आर-फ्री झालं. १९९२ साली ब्रुंगर यांनी सुचवलं, तेव्हापासून क्रिस्टलोग्राफीवाले ५ ते १० टक्के डेटा पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवतात. मॉडेल घडवताना त्याला हात लावायचा नाही, तपासायला मात्र तोच. एकदा घडवण्यात वापरला की तपासायला निरुपयोगी. तुम्ही त्यांचं बोलणं विचारत नाही हे फार योग्य आहे.

चौथा_अंक

मी पोस्टडॉक आहे, आमच्याबद्दल थोडं. पीएचडीच्या मुलाला निदान विद्यार्थी म्हणतात. पोस्टडॉक आला की सगळे धरून चालतात, याला येतं सगळं. दोन-तीन वर्षांचं कंत्राट, आणि जाताना बरोबर काय घेऊन जायचं हे कोणी बोलत नाही. मी सुरू केलेला प्रश्न माझा की लॅबचा? मी गेल्यावर माझ्याच प्रश्नावर माझीच जुनी लॅब माझ्याशी स्पर्धा करणार का? हे पहिल्या आठवड्यात बोलायचं की शेवटच्या? माझ्या बाबतीत शेवटच्या आठवड्यात बोलणं झालं आणि मनं दुखावली. माझंही, त्यांचंही.

हॉजकिन यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं चित्र त्यांनी १९३५ साली घेतलं आणि एकटीच्या नावाने प्रसिद्ध केलं, वय अवघं पंचविशीचं. रचना सुटली १९६९ मध्ये, ३४ वर्षांनी. तोवर त्यांना नोबेल मिळून पाच वर्षं झाली होती. त्या १९६९ च्या निबंधावर दहा नावं आहेत. सुरुवातीला तरुण मंडळी, त्यांत एम. विजयन, ज्यांनी पुढे भारतात प्रोटीन क्रिस्टलोग्राफी रुजवली. हॉजकिन यांचं नाव आठवं. हे प्रत्येक गाईडने एकदा डोळ्यांखालून घालावं असं मला वाटतं.

उत्तररात्र

माझा आणखी एक प्रश्न आहे, जरा वेगळा. २०२० मध्ये अल्फाफोल्ड-२ आलं, प्रोटीनच्या रचनेचा अंदाज संगणकावरच बांधणारं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं. मी जे चार वर्षं शिकलो त्यातलं बरंचसं आता संगणक काही मिनिटांत देतो. ज्युनियर मला विचारतात, दादा, या क्षेत्रात यावं का? मी काय सांगू? माझ्या सरांना विचारलं तर म्हणतात, 'त्याचं टेन्शन नको घेऊस, काम कर.'

काचेची नळी

'टेन्शन नको घेऊस' हे उत्तर नाही. तुमच्या सरांनाही भीती वाटत असेल, ती तुमच्याशी बोलावी असं त्यांना सुचलं नसेल.

माझ्यापुरतं सांगतो. १९७१ साली पीडीबी सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत. अल्फाफोल्ड शिकलं ते मुख्यतः अशाच रचनांवर. एकेक रचना म्हणजे कोणाची तरी थंड खोलीतली वर्षं आहेत. हे काही नोकरीची हमी देत नाही, ते मी देऊही शकत नाही. फक्त प्रोटीनची घडी (त्याचा आकार) कळावी म्हणून स्फटिक वाढवायचे दिवस बऱ्याच अंशी संपले, हे ज्युनियरना स्पष्ट सांगा. पण त्या खोबणीत औषधाचा रेणू आहे की पाण्याचे तीन, हा तुमचा प्रश्न बघा. अंदाज कुठूनही येवो, तो मोजून तपासावाच लागतो. मोजलेल्या नकाशात पाणी बघून ते पाणी म्हणू शकणारा माणूस लागतोच. तुम्हाला ते दिसलं होतं.

ज्युनियरना सांगा की एक हात प्रयोगात ठेवा, एक गणनेत. आणि गाईड निवडताना त्याच्या निबंधांच्या आधी त्याचे जुने विद्यार्थी आज काय करतात ते विचारा. थेट त्यांनाच.

उत्तररात्र

आभारी आहे, सर. उद्या एका ज्युनियरला चहाच्या वेळी हे वाचून दाखवतो.

प्रिझम

तीन आठवड्यांनी परत येतेय. काय काय झालं ते सांगते.

दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारलं की मी नसताना तू किती चुका पकडतोस. त्याने एक फाइल उघडली. प्रत्येक वेळी मला दाखवण्याआधी त्याने काय काय दुरुस्त केलं त्याची यादी, तारखांसकट. ४१ नोंदी. मला दिसायची ती फक्त बेचाळिसावी. आता मी त्याच्या डावीकडे स्टूलवर बसते. माऊस उजवीकडे असतो, माझा हात पोचत नाही. बोट दाखवायलाही मी फूटपट्टी वापरते. पहिल्या दिवशी एका साखळीला पन्नास मिनिटं लागली आणि मला ती फार जड गेली. काल तशीच साखळी अकरा मिनिटांत, आणि मधेच तो म्हणाला, 'मॅडम, इथे पेप्टाइड उलटं आहे असं तुम्ही म्हणताय, पण मला नाही वाटत.' आम्ही तो भाग वगळून नकाशा काढला. त्याचं बरोबर होतं.

पोस्टडॉकशी बोलणं झालं. दोन प्रश्नांपैकी एक तो जाताना घेऊन जाईल, आणि आम्ही तीन वर्षं त्याला हात लावणार नाही. लिहून दोघांनी सह्या केल्या.

आता विद्यार्थिनी. तिला आधी सॉरी म्हटलं. मग वही सुरू केली. पहिल्या नऊ अंदाजांपैकी पाच चुकले. परवा डी-७ खळग्यात एक बारीक, काडीसारखा स्फटिक आला. तिने लिहिलं होतं, 'प्रोटीन, ५५ टक्के. चकाकी मंद. पण थेंबात डिटर्जंट जास्त आहे, त्याचाही असू शकतो.' अतिनील प्रकाशात थोडा उजळला, थोडाच, कारण आमच्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन, म्हणजे त्या प्रकाशात उजळणारे घटक, दोनच आहेत. मी म्हटलं, चल, सुई घे. तिने सुई परत खोक्यात ठेवली. 'नको. एकच आहे. आधी हीच स्थिती २४ खळग्यांत लावते, आणखी आले तर त्यातला एक टोचू. आणि प्रोटीन निघालं तरी ते आपलंच कशावरून, एसीआरबी असेल तर?'

हा धागा मी तिला दाखवलेला नव्हता. तिचं तिनेच वाचलं असेल तर माहीत नाही.

मला सुई घ्यायची फार घाई झाली होती, हे इथे कबूल करते.

काचेची नळी

वा! बीमटाइम (क्ष-किरणांच्या यंत्रावरची वेळ) कधी आहे? आणि जातंय कोण?

प्रिझम

पुढच्या महिन्यात, रात्रीची आठ तासांची पाळी. ती जातेय. युनिट सेल ताडून पाहायची यादी तिने आजच करून ठेवलीय. मी इथेच, फोनजवळ.